अजून एक खेप

आमच्या ह्यांना होणारा जावई नापास करायचा होता. मला ते सकाळी भाकऱ्या बांधतानाच कळलं. भावनाने आकाशची आमच्याशी ओळख करून द्यायला बदलापूरच्या पुढे, सुदामभावोजींच्या नदीकाठच्या शेतात जेवण ठरवलं होतं. हे लगेच म्हणाले, "चूल त्यालाच करू दे. बघू."

आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. आगीच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकत नाही.

"बाबा नाही म्हणाले, तर मी लग्न करणार नाही," असं भावनाने मला सांगून ठेवलेलं. पोरगी बापासारखीच हट्टी.

आकाशने चारी बाजूंनी वाळलेलं गवत खरवडून काढलं, हातभर खड्डा खणला, माती बाजूला ढीग करून ठेवली. मग नदीतले गोल गोटे घेऊन आला. ह्यांची कळी खुलली.

"अरे, ओले गोटे तापले की फुटतात! डोळा जाईल कुणाचा."

"सॉरी काका, माहीत नव्हतं," म्हणून त्याने बांधावरचे कोरडे दगड आणून रचले. तोरा नाही, वाद नाही. ह्यांचा चेहरा पडला.

वांगी मस्त भाजली. माझं तर भरीत खातानाच ठरलं होतं, पण मला विचारतंय कोण!

जेवणं झाल्यावर हे म्हणाले, "आता विझव."

आकाशने कळशीभर पाणी ओतलं, काठीने राख ढवळली.

"हात धरून बघ."

त्याने जपून राखेवर तळहात धरला. "अजून धग आहे, काका," म्हणत कळशी घेऊन स्वतःच नदीकडे गेला. ते पाणी ओतून झाल्यावर ह्यांनी हात धरला. "गरम आहे. आण अजून."

तिसऱ्या खेपेला भावनाही त्याच्याबरोबर निघाली. मला राहवलं नाही. मी वरून हात धरला, मग सरळ राखेतच घातला. गार चिखल नुसता.

"अहो, कशाला त्या पोराला पळवताय? केव्हाच विझलंय."

"माहीत आहे गं," हे म्हणाले. नजर नदीकडे जाणाऱ्या त्या दोघांवर होती. "पण आता परत आला की हो म्हणावं लागेल ना."