वेंकूबाईच्या सात अळ्या

तंजावूरजवळच्या पापनाशमच्या बस स्टँडमागे निळ्या ताडपत्रीखाली सकाळी आठपासून रांग लागली होती. पल्लुसामी, म्हणजे दातांचे स्वामी, बुधवारी आणि शनिवारी यायचे आणि दुखऱ्या दातातली कीड काढून दाखवायचे. पाण्याच्या परातीत विटेवर ठेवलेली तापलेली लोखंडी चकती, तिच्यावर चिमूटभर तेलकट, भरड चूर्ण, वर नळी बसवलेलं मडकं. रोग्यानं नळीतून धूर तोंडात घ्यायचा. मडकं उचललं की पाण्यावर पांढऱ्या, वळलेल्या अळ्या तरंगायच्या आणि माणसं हात जोडायची.

“डॉक्टर दात काढतो, मी दुखणं काढतो,” स्वामी तमिळमध्ये गरजत होते. “दात देवाचा, कीड कलीची. देवाची वस्तू फेकायची कशाला?” कलीचा पत्ता इतका नेमका ठाऊक असलेले स्वामी स्वतः मात्र हसताना तोंडावर उपरणं धरायचे.

रांगेत जननी वडिलांना, रंगरावांना, घेऊन उभी होती. ती तंजावूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिच्यामागे गाल सुजलेली भुवना होती. स्टँडावर फुलं विकायची. ठणक्यानं दोन दिवस डोळा लागला नाही, असं तिनं जननीला सांगितलं होतं. जननीला तिच्याकडे बघवत नव्हतं. चाळीस दिवसांपूर्वी जननीची आई, वेंकूबाई, गेली होती. तीही याच रांगेत उभी राहिली होती.

तिमाही परीक्षेच्या दिवसांत आईची दाढ दुखायला लागली. जननीनं टॉर्च लावून पाहिलं आणि म्हणाली, “आई, कीड लागली आहे. शनिवारी डॉक्टराकडे जाऊ.” शनिवारी पेपरांचा गठ्ठा तपासायचा राहिला होता. कीडच काढायची तर डॉक्टर कशाला, असं आईला वाटलं. ती एकटीच बसनं इथं आली आणि संध्याकाळी औषधाच्या बाटलीत सात अळ्या घेऊन परतली.

“बघ की, तुज आणली,” आई आपल्या तंजावुरी मराठीत खुशीत म्हणाली. “तुझ्या शाळेंतल्या पोरांस दाखीव. ठणका गेला.”

“काय हे, आई,” म्हणत जननीनं बाटली कपाटात टाकली. उघडूनही पाहिली नाही.

ठणका खरंच गेला होता, कारण दाढेतली नस मेली होती. मुळाशी पू तसाच होता. मग ताप येऊ-जाऊ लागला आणि तीन आठवडे सगळे त्याला हवेचा ताप म्हणत राहिले. शेवटी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यांचा दात दुखत होता का?” लहानपणीच्या सांधेतापानं आईच्या हृदयाची एक झडप अधू झालेली होती. दाढेतले जंतू रक्तातून जाऊन त्या झडपेवर ठाण मांडून बसले होते. तोवर उशीर झाला होता.

तेराव्यानंतर जननीनं बाटली उघडली आणि एक अळी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तोंड नाही, पोट नाही. एका टोकाला दोन इवली पानं, दुसऱ्या टोकाला मूळ. बीमधला अंकुर, मुलांना ती दरवर्षी हेच दाखवायची. त्याच संध्याकाळी पाहिलं असतं तर आईला हात धरून दवाखान्यात नेलं असतं. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून ती खूप रडली.

आता रंगरावांची पाळी आली. “वर्षानुवर्षांची कीड आहे, पेरियवर, आजोबा,” स्वामींनी जबड्यावरून मोरपीस फिरवत निदान केलं. धूर झाला, मडकं उचललं. “अकरा!” गर्दी शहारली.

रंगरावांनी शांतपणे वरची कवळी काढली, मग खालची. दोन्ही परातीच्या काठावर ठेवली आणि बोळक्या तोंडानं विचारलं, “ह्यांतून निघाली काय, सामी? बारा वर्षं झाली, माझा एक दात नाही.”

गर्दीत हसू पसरलं. रंगरावांचे डोळे मात्र भरून आले होते.

“हिरड्यांत लपली होती,” स्वामी पुटपुटले. जननीनं स्वामींच्या पुढ्यातलंच चूर्ण चकतीवर टाकलं आणि मडकं झाकलं. नळीला कोणी तोंड लावलं नाही. उचललं तर पुन्हा अळ्या.

“या चूर्णात भुईरिंगणीची बी आहे,” ती म्हणाली. “चटका बसला की फुटते आणि आतला अंकुर पाण्यात पडतो. यात कुणाच्या दाताचं काही नाही.”

“मग टीचर, माझा दात खातं कोण?” भुवनानं विचारलं.

“डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू. दातावर राहिलेलं गोड ते खातात आणि आम्ल करून दात पोखरतात. तोंडातलं आणि हृदयातलं रक्त एकच, म्हणून पू झाला की तो तोंडापुरता राहीलच असं नाही. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका. रोज दात घासा, दुखला तर दातांच्या डॉक्टराकडे जा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी मडक्याखाली काय आहे ते विचारा. माझी आई इथून सात अळ्या घेऊन आली होती. ती गेली.”

भुवना हळूच म्हणाली, “तुम्ही तर टीचर. त्यांना सांगितलं नाही?”

“नाही,” जननी म्हणाली. “मी ‘कीड लागली’ एवढंच म्हणाले, आणि पेपर तपासत बसले.”

तिनं कवळ्या धुऊन वडिलांच्या हातात दिल्या आणि भुवनाची फुलांची टोपली उचलली.

“चल,” ती म्हणाली. “आज शनिवार आहे. दवाखाना एकपर्यंत उघडा असतो.”