पार्बताचा पाना

माझी बायको पार्बता गेली हे मला अकोल्यात कळलं. शेखरच्या पायाचा एक्स-रे काढायला आम्ही बापलेक सकाळीच बार्शीटाकळीहून निघालो होतो. नडगीतल्या मोकळ्या जागेत पहिल्यांदाच धुरासारखं पांढरं दिसलं. "नवं हाड धरतंय," डॉक्टर म्हणाले. हे आधी पार्बताला सांगावं म्हणून मी फोन काढला, तर तोच वाजला. माझी बहीण चतुरा होती. झेंडू तोडता तोडता पार्बता वाफ्यातच कलंडली, ती उठलीच नाही.

शेखर आमचा एकुलता एक, फौजेत आहे. सुरुंगावर गाडी गेली आणि त्याच्या उजव्या नडगीचा चुरा झाला. पुण्याच्या फौजी दवाखान्यात डॉक्टरांनी पाय राखला. मेलेलं हाड काढलं, वरच्या चांगल्या हाडाला काप दिला आणि पायाभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा बसवला. कड्यांवरचे नट रोज पान्यानं जरा जरा फिरवायचे. हाडाचा तुकडा तसा खाली सरकतो आणि मागं नवं हाड भरत येतं. घरी पाठवताना तिथल्या सिस्टरनं ते काम पार्बताला शिकवलं. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

नट कुठवर फिरला हे कळावं म्हणून ती त्यावर कुंकवाचं बोट टेकवायची. पुढच्या तपासणीला सर्जन दचकले. "हे रक्त कशाचं?"

"रगत नोहे सायेब, कुंकू हाये. कुठवर आलो ते ध्यानात राह्यते."

साहेब हसले, पण कुंकू जखमेत जाईल म्हणून त्यांनी तिला मार्करचा पेन दिला. गावात आल्यावर तिनं तो पेन सगळ्या आळीला दाखवला.

सकाळी मी ओसरीवर फुलांच्या टोपल्या बांधायचो आणि आतून दोघांचं ऐकू यायचं.

"हळू माय, दुखून राहिलं!"

"एवढा फौजी गडी अन् बोंबलतो काय रे! उद्या बायको आली अन् तिनं हात धरला, तवाबी असाच बोंबलशीन?"

"ते पाना घेऊन थोडीच येईन!"

"माही सून हाये ते. पाना घेऊनच येईन."

तो हसायचा, तोवर तिचं काम होऊन गेलेलं असायचं. टोपल्या बांधून झाल्या तरी मी उगाच बसून राहायचो.

शेखरनं वॉकर धरून तिला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या. आमच्यात त्या घरात आणत नाहीत, म्हणून गाडगं मळ्यातल्या लिंबाला बांधलं. तिचं माहेर कौंडण्यपूर, तेव्हा अस्थी तिथंच वर्धा नदीत सोडायच्या हे ठरलेलंच होतं.

"दाहाव्याच्या आत सोडून ये दादा," चतुरा म्हणाली.

"मी येतो," शेखर म्हणाला. "पण मले उचलून नोका नेऊ. घाटाच्या पायऱ्या मी माह्या पायानं उतरीन."

"अन् ते कवा? तुह्या पायापायी मायले झाडाले टांगून ठेवतं काय?" चतुरा चिडली.

ती गेल्यावर शेखरनं पाना माझ्यापुढं धरला. "बाबा, माय गेली तवापासून फिरवलंच नाही."

मी मोटारीचा नट आवळतो तसा फिरवला.

"उलटं बाबा! वापस चालले तुमी."

"मले काय ठाऊक? तुही मायच करत होती सारं."

आधी तो हसला. मग आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला. मी नट जागेवर आणला आणि नीट विचारून, मार्करनं काढलेल्या बाणाच्या बाजूला फिरवला. संध्याकाळी चतुराला सांगितलं, "थांबतो आमी." तिनं तोंड फिरवलं. अजूनही नीट बोलत नाही.

तेरवी होऊन बरेच दिवस झाले. आता पाना मीच फिरवतो. पार्बतासारखं बोलता येत नाही, म्हणून शेखर दात आवळून बसतो. हाडांमधलं अंतर कमी होत आलं आहे, पण नवं हाड अजून कच्चं आहे आणि डॉक्टर पायऱ्यांना नाही म्हणतात. अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.