टाकीतला उसासा

काळाचौकीच्या नाक्यावर आजही शंभरेक माणसं जमली, कारण गणपतची जुनी पिकअप आजही तिथंच बंद पडली होती. दोन वर्षांमागे संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि गणपतचा थोरला भाऊ जगदीश याच नाक्यावर पडला. त्यामुळे गाडी कोण धरतं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

शामराव भगतानं आधी गर्दी मापली, मग डोळे मिटले. "जगदीशा, मी शामराव. चाळ नंबर दोन, तळमजला!" मेलेल्या माणसालाही पत्ता कळवलेला बरा. मग त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतून लांब, दमलेला आवाज आला. हुऽऽस्स.

"जग्याच तो! ऐकलंत?" शेजारची जाईबाई रडू लागली.

गाडी चालू झाली. भगतानं झाकण लावून त्यावर तेलात कालवलेला शेंदूर थापला. गेला महिनाभर हे तो रोज सकाळीही करायचा, गाडीच्या रक्षणासाठी.

जगदीशची बायको शेवंती गर्दीच्या मागे उभी होती. मिलमधली पाळी संपवून जगदीश घरी आला की चपला काढताना तो असाच उसासा टाकायचा. महिनाभर तो आवाज तिच्या झोपेत येत होता. ती उठून कडी काढायची. बाहेर कुणी नसायचं.

"बाईनं त्याला धरून ठेवलाय," भगतानं कौल दिला. "तिनं पोरीला घेऊन गाव गाठावं, तो सुटेल. खोलीत माझी गादी मांडू."

खोली गेली की शेवंतीची मिलमधली नोकरी गेली, कमलची तिसरीची शाळा गेली.

"वैनी, मी तरी काय करू?" गणपत म्हणाला. "दादाचे हाल बघवत नाहीत."

हाल तिलाही बघवत नव्हते. रविवारी शिवडीच्या दोन खेपा आटोपून गणपतनं तिची ट्रंक, स्टोव्ह आणि कमलला गाडीत घातलं. कोकणची बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटायची होती. रे रोडला लाकडाच्या वखारीसमोर गाडी खोकली, दोन आचके दिले आणि मेली.

"दादा, बोट चुकेल रे!" गणपतनं हात जोडले.

शेवंती खाली उतरली. "भावजी, इथं ते कधीच आले नव्हते."

"मग?"

तिनं स्वतः झाकण फिरवलं. हुऽऽस्स. "तुम्हीच का?" ती पुटपुटली. पण झाकण तिनं सोडलं नाही. पदरानं शेंदूर पुसला. त्याखाली झाकणातच टाचणीएवढं भोक होतं, गच्च बुजलेलं.

"भावजी, घासलेटच्या डब्याला भोकं किती पाडतो आपण?"

"दोन."

"दुसरं कशाला?"

"वारा जायला. नाहीतर धार तुटते, डबा नुसता..." गणपत थांबला. "आयला! पेट्रोल जातंय, जागा भरायला वारा येत नाही. मग पंप ओढणार काय, कपाळ?"

"आणि झाकण उघडलं की वारा एकदम आत घुसतो. तोच उसासा. रोज दोन खेपांनी गाडी नाक्यावर पोचते, म्हणून तिथंच बंद पडते."

तिनं स्टोव्हची पिन काढून भोक मोकळं केलं. बोट गेली. गाडी मागे वळली.

पुढचे तीन दिवस गणपतनं भगताला शेंदूर लावू दिला नाही, आणि पिकअप नाक्यावरून न थांबता गेली. चौथ्या दिवशी शेवंतीनं मुद्दाम शेंदूर थापला. दोन खेपांनंतर नाक्यावर गाडी बंद. गर्दी जमली, भगत धावत आला.

"थांबा," शेवंती म्हणाली. "आज मंत्र नको." तिनं झाकण उघडलं. उसासा आला. पिन भोकात फिरवून ती म्हणाली, "भावजी, आता दहा खेपा करा." संध्याकाळी गाडी नाक्यावर चालूच आली. झाकण उघडलं, तर टाकी गप्प.

"रागावलाय तो!" भगत म्हणाला.

"अरे मेल्या, भगत व्हायच्या आधी तू लॉरीवर क्लीनर होतास ना?" जाईबाईनं विचारलं. "तुला भोक ठाऊक नव्हतं?"

भगतानं या वेळी गर्दी मापली नाही, वाट शोधली.

शेवंतीचे डोळे भरले होते. टाकी गप्प झाली, म्हणजे तो दुसऱ्यांदा गेला. तरी ती मोठ्यानं बोलली, "माझा माणूस गोळीनं गेला. तो आपल्याच भावाची गाडी अडवेल? बायकोला घराबाहेर काढेल? हे डोक्यात आलं असतं, तर भोक महिन्याआधी सापडलं असतं. दुःख करा, पण डोकं गहाण ठेवू नका."

मग तिनं कमलचा हात धरला आणि म्हणाली, "चल, उद्या शाळा आहे."