बाहेरचा जिना

नाशकात संक्रांतीला पतंग उडवणारे पैशाला पासरी. पण झुंबर पगारे पतंग उडवायला लागला की आजूबाजूच्या गच्च्यांवरची माणसं आपापला दोरा आवरून बघत उभी राहायची. शिडशिडीत, काळासावळा माणूस, पाटबंधारे खात्यातला कारकून. एरवी कचेरीत चार माणसांत बसला तर नजरेत भरणार नाही. पण हातात दोरा आला की त्याचे खांदेच बदलायचे. समोरच्याचा पतंग कुठल्या बाजूने येणार, ढील द्यायची की खेचून कापायचं, हे त्याच्या बोटांना आधी कळायचं आणि त्याला स्वतःला मागाहून.

हे सगळं जिथे चालायचं ती गच्ची मात्र त्याची नव्हती. झुंबर राहायचा वस्तीतल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत. पत्र्यावर उभं राहून पतंग उडवता येत नाही. गच्ची होती खंडेराव बोरस्त्याची, पंचवटीत, तीन मजली. खंडेराव कचेरीत झुंबरच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. दोघं सत्तर साली एकाच आठवड्यात नोकरीला लागलेले, दोघांनाही पतंगाचं वेड. पहिल्याच संक्रांतीला खंडेराव त्याला घरी घेऊन गेला, आणि तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. मार्गशीर्षातच दोघांची धावपळ सुरू व्हायची. फुटक्या ट्यूबलाइटची काच कुटायची, धोतराच्या फडक्यातून चाळायची, सरस शिजवायचा, आणि रविवारी नदीकाठी दोन बांबू रोवून मांजा सुतायचा. संक्रांतीला झुंबर पतंग धरायचा आणि खंडेराव आसारी. आसारीवरून दोरा सोडणं आणि गुंडाळणं हेही येरागबाळ्याचं काम नाही. झुंबरने तोंडातून शब्द काढायच्या आत खंडेरावची आसारी गरगरायला लागायची. समोरचा पतंग कापला की दोघं एकदम ओरडायचे, "वकाऽऽट!" आणि खंडेराव आसारी टाकून त्याला मिठी मारायचा.

चौऱ्याहत्तर साली खंडेरावने घराच्या मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना बसवून घेतला. रस्त्यावरून थेट गच्चीत.

"तुझ्यासाठी केला रे खास," तो झुंबरला म्हणाला. "पतंग घेऊन घरातून वर यायचं म्हणजे दारात अडकतो, फाटतो. आता कसं, खालून निघालास की वर."

झुंबरला त्या जिन्याचं कोण कौतुक! कचेरीत त्याने दहा जणांना सांगितलं. घरी येऊन बायकोलाही सांगितलं. सुमनबाई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि आतला जिना?"

"आतला आहे की. त्याला काय झालं?"

"मग बरं," ती म्हणाली.

त्या 'मग बरं'चा झुंबरला इतका राग आला की दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. या बायकांना माणसाचं चांगलं म्हणून दिसत नाही, असं त्याला वाटलं. खंडेराव त्याच्या डब्यातली भाजी खायचा. हॉटेलात एका बशीत दोघं भजी खायचे. अशा माणसाबद्दल मनात काही आणणंसुद्धा पाप.

गच्चीवर त्याच्यासाठी पाण्याची कळशी भरून ठेवलेली असायची, वर पेला. तिळगूळ खालून कागदात बांधून यायचा. खंडेरावची आई, नवसाबाई, जिन्याच्या दारात येऊन ओरडायची, "अरे, कापला का नाही कुणाचा?" आणि झुंबर वरूनच म्हणायचा, "तीन कापले, मावशी!" तिचा चेहरा त्याने अकरा वर्षांत पाच-सहा वेळा पाहिला असेल. पण आवाज ओळखीचा होता.

एक्याऐंशीच्या संक्रांतीला वारा असा सुटला की विचारू नका. सकाळी नऊपासून त्यांनी पाच पतंग कापले होते. दुपारी पलीकडच्या आळीतला एक लाल पट्ट्यांचा पतंग चढून आला आणि पेच पडला. दोन्हीकडून ढील, दोरा सणसणत चाललेला. अचानक समोरच्याने हिसका दिला आणि झुंबरच्या तर्जनीत मांजा हाडापर्यंत उतरला. रक्ताची धार लागली. त्याने दोरा खंडेरावच्या हातात दिला. "धर, नुसती ढील देत राहा, खेचू नको," म्हणाला आणि कळशीकडे वळला. कळशी रिकामी होती.

आतल्या जिन्याचं दार उघडंच होतं. खंडेरावची बायको, वत्सलाबाई, थोड्या वेळापूर्वी पतंग बघायला वर येऊन गेली होती. झुंबरने विचार केला नाही. बोट मुठीत दाबून तो आतल्या जिन्याने खाली उतरला आणि समोर स्वयंपाकघर दिसलं तसा मोरीपाशी गेला.

वत्सलाबाईने त्याचा हात पाहिला. "अगंबाई!" म्हणत तिने चटकन तांब्या भरला आणि त्याच्या बोटावर पाणी ओतायला लागली. "भाऊजी, किती खोल गेलंय हो! थांबा, हळद आणते."

तेवढ्यात मागून आवाज आला. तोच, ओळखीचा.

"कोण आहे गं मोरीपाशी? तो वरचा का?"

वत्सलाबाईचा हात जागच्या जागी थांबला. तांब्यातलं पाणी पडायचं बंद झालं. नवसाबाई देवघराच्या दारात उभी होती, जपमाळ हातात.

"त्याला वेगळा जिना करून दिला ना लोखंडाचा? मग घरात कशाला आला हा? सणाचं पुरण शिजतंय चुलीवर!"

ती त्याच्याशी बोलतच नव्हती. सुनेशी बोलत होती, जसं मांजर घरात शिरलं तर आपण मांजराशी बोलत नाही. झुंबर "लागलं होतं, मावशी" एवढं म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकवेना. त्याने खिशातला रुमाल काढून बोटाला गुंडाळला आणि आला तसा वर गेला.

गच्चीत पोचल्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं. वत्सलाबाई ओलं फडकं घेऊन जिना पुसत होती. खाली मान घालून, वरच्या पायरीपासून. रक्त पडलं होतं ते तीन पायऱ्यांवर. ती पुसत पुसत खालपर्यंत गेली.

"झुंबऱ्या, अरे ये ना लवकर! चालला बघ हातचा!" खंडेराव ओरडत होता. त्याने खालचं काही ऐकलं नव्हतं असं म्हणावं, तर जिन्याचं दार त्याच्यापासून चार हातांवर होतं. ऐकलं होतं म्हणावं, तर त्याचे डोळे आभाळातून हलले नव्हते.

त्या क्षणी झुंबरने निघून जायला हवं होतं. पुढे कित्येक वर्षं तो स्वतःला हेच सांगत राहिला. पण पेच लागलेला होता, आणि त्याच्या पायांनी त्याला दोऱ्यापाशी नेलं. रुमालातून रक्त झिरपत होतं. त्याने डाव्या हाताच्या बोटांवर दोरा घेतला, भरपूर ढील दिली, समोरचा बेसावध झाला तशी एक खेच मारली. लाल पट्ट्यांचा पतंग डुलत डुलत गंगेकडे, गोदावरीच्या पात्राकडे निघाला.

"वकाऽऽट!" खंडेराव नाचायला लागला. आसारी फेकून त्याने झुंबरला मिठी मारली, पाठीत धपाटे घातले. आणि झुंबर हसला. अगदी नेहमीसारखा, दात दाखवून हसला. नवसाबाईचं बोलणं त्याला पुढे पुसट झालं, पण स्वतःचं ते हसू कधी पुसट झालं नाही.

संध्याकाळी तो उतरला तेव्हा बाहेरच्याच जिन्याने उतरला. दुसरी वाट नव्हती.

घरी सुमनबाईने बोट पाहिलं, हळद लावली, जुनं लुगडं फाडून पट्टी बांधली. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणेल, 'मी तेव्हाच बोलले होते', याची तो वाट बघत बसला. म्हणाली असती तर भांडता आलं असतं. तिने जेवायला वाढलं आणि डाव्या हाताने जेवतोय म्हणून भाकरी कुस्करून दिली.

कचेरीत दोघांची टेबलं तशीच शेजारी राहिली. फायली इकडून तिकडे जात राहिल्या. झुंबर डबा एकटा खायला लागला. खंडेरावने चार-आठ दिवस "काय रे, तब्येत बरी नाही का?" असं विचारलं आणि मग तेही सोडलं. मार्गशीर्ष लागला तसा मात्र तो एके दिवशी चहाच्या टपरीवर झुंबरच्या समोर येऊन उभा राहिला.

"रविवारी मांजा सुतायला येतोस ना?"

"नाही."

"अजून धरून बसलायस? अरे, आई जुन्या वळणाची. तिला काय कळतंय? तिचं वय बघ."

"मावशींचं सोड," झुंबर म्हणाला. "जिना मावशींनी बसवला का?"

खंडेरावने पेला खाली ठेवला. "तुझीच सोय बघितली मी. आई रोज डोकं खायची. मी म्हटलं, उगाच तुझा अपमान नको व्हायला. तुला कळूसुद्धा दिलं नाही सात वर्षं. दुसरा कोणी असता तर येऊ नको म्हणाला असता."

"म्हणायचं होतंस. मी आलो नसतो."

"अरे, मी काय पाळतो का असलं काही? एका ताटात जेवलोय आपण."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. हॉटेलात. कचेरीत."

"तेच विचारतोय," झुंबर म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

बरं, पतंग सुटेल असंही नव्हतं. ब्याऐंशीच्या संक्रांतीला तो शेजारच्या काळूला आसारीवर घेऊन नदीच्या पात्रात, वाळूवर जाऊन उभा राहिला. जमिनीवरून उडवणं अवघड. वारा तुटका मिळतो, गच्चीवरच्या पतंगाला वरून झडप घालता येते. झुंबरचा पहिला पतंग तसाच गेला. दुसरा त्याने लांबवर, घरांच्या माथ्यावरून सरकवत पंचवटीकडे नेला. खंडेरावचा पतंग त्याला मैलावरून ओळखता आला असता, कारण त्याच्या काड्यांना दोऱ्याचं सुत्तर बांधायची पद्धत झुंबरचीच होती. जराशी तिरकी गाठ, त्यामुळे डावीकडे झुकून चढायचा.

त्याने खालून पेच घातला. खंडेराव घाबरला की तीन वेळा ढील देतो आणि चौथ्यांदा खेचतो, हे त्याला पाठ होतं. चौथ्या वेळेच्या आधी त्याने कापला. खंडेरावने दुसरा चढवला, तोही कापला. दुपारपर्यंत सहा कापले. वाळूवर वस्तीतली माणसं जमली होती. प्रत्येक पतंगाला आरोळी उठत होती आणि काळू तर आसारी डोक्यावर घेऊन नाचत होता. झुंबर आभाळाकडे बघत उभा होता. त्याला वाटलं होतं, पहिला कापला की छातीतलं काहीतरी सुटेल. सहावा कापला तरी सुटलं नव्हतं. काळू चांगला होता, पण त्याला प्रत्येक वेळी "सोड", "धर" म्हणून सांगावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तो आत शिरला तेव्हा खंडेराव चार-पाच जणांत उभा होता. "या पगारे साहेब!" तो मोठ्याने म्हणाला. "काल आमचेच सहा कापले यांनी. अकरा वर्षं आमच्या गच्चीवर हात बसवला आणि आता आमच्यावरच चालवला. याला म्हणतात उपकाराची फेड!"

सगळे हसले. वाईट मनाने हसले असं नाही. हेडक्लार्क हसता हसता म्हणाले, "पगारे, अहो, जुनं मैत्र असं तोडू नये. म्हातारी काहीतरी बोलली, एवढं मनावर घ्यायचं?" म्हणजे गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कोणी सांगितली होती आणि कशी सांगितली होती, हे झुंबरला विचारायची गरज वाटली नाही. त्या खोलीत अकरा जण होते. त्यातल्या एकालाही खंडेरावकडे बघून काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्याने बदलीचा अर्ज टाकला. इगतपुरीकडे धरणाच्या कामावर जायला कोणी तयार नसायचं. तिथला पाऊस म्हणजे चार महिने कपडे वाळत नाहीत. अर्ज लगेच मंजूर झाला. निरोपाच्या दिवशी खंडेरावने हार घातला आणि दोन शब्द बोलला. झुंबरसारखा हात अख्ख्या नाशकात नाही, असं तो म्हणाला. खरंच बोलत होता तो. त्याचा आवाज भरून आला होता, आणि झुंबरला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

इगतपुरीला झुंबर आणि सुमनबाई सरकारी क्वार्टरमध्ये राहायला लागले. तिसऱ्या वर्षीच्या संक्रांतीला सुमनबाई बाजारातून एक पतंग आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आली. तिने आयुष्यात कधी पतंगाला हात लावला नव्हता. दुकानदाराने दिला तो आणला होता. हलका, वाकड्या काडीचा. "कापड बाजाराच्या बाजूलाच होतं दुकान," ती म्हणाली. "असू दे म्हटलं."

झुंबरने काडी जिभेवर ओली करून वाकवली, सुत्तर बांधलं. दोघं क्वार्टरमागच्या टेकाडावर गेले. घाटातून वारा असा येत होता की पतंग हातातून सुटला तो चढतच गेला. दहा-बारा मिनिटं त्याने ढील दिली. खाली भाताची खाचरं, रेल्वेचे रूळ, आणि वर एवढं मोठं आभाळ. त्यात एवढा एकच पतंग. त्याने तो डावीकडे नेला, उजवीकडे नेला, एकदा खाली गोता देऊन परत उचलला. सुमनबाई पदर डोक्यावर धरून वर बघत होती.

"किती उंच गेला हो," ती म्हणाली.

तो थोड्या वेळाने दोरा गुंडाळायला लागला.

"एवढ्यात?"

"हात दुखतोय."

"हात कुठे दुखतोय तुमचा?"

"दुखतोय म्हटलं ना!" तो तिच्या अंगावर ओरडला. पतंग पुरता खाली यायच्या आत त्याने दोरा दाताने तोडला, रीळ तिच्या हातात दिलं आणि तो टेकाड उतरायला लागला. सुटलेला पतंग दूर खाचरांच्या अंगाला जाऊन पडला. तो आणायला कोणी गेलं नाही.