डिस्क पळायला लागली

नकाशाची फाइल उघडायला घेतली की हार्ड डिस्क करकर दळायला लागायची, आणि तेवढ्यात ती लेकीला, पिल्लूला, अंगावर पाजायला घ्यायची. पडद्यावर भिंती, जिने, खिडक्या उमटेपर्यंत एक बाजू पिऊन व्हायची. घरी बसून इमारतींचे नकाशे दुरुस्त करणाऱ्या बाईला एवढीच सुट्टी, तीही कंप्युटरने दिलेली. "मशीन स्लो आहे हो," असं ती ऑफिसातल्या मॅडमना सांगायची. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

नवऱ्याला मात्र ती करकर ऐकवेना. रविवारी त्याने बाह्या सरसावल्या.

"हो बाजूला. बैलगाडी आहे की काय ही?"

"राहू दे ना. चाललंय माझं."

"चाललंय कुठे, रांगतंय! पिल्लू पुढे जाईल याच्या."

सासूबाई हसल्या. तीही हसली, करते काय?

त्याने डिस्कवरचा कचरा काढला, मशीन जड करणारं इंडेक्सिंग बंद केलं, वेग वाढवणाऱ्या राइट कॅशिंगवर टिक केली, दिवसा चालणारी व्हायरस तपासणी रात्रीवर ढकलली. प्रत्येक गोष्ट तिला मायेने समजावली. बायकोचा जीव सुटावा म्हणून करत होता बिचारा. रागवायलासुद्धा जागा ठेवली नाही.

सोमवारी कुडत्याचं बटण निघायच्या आत फाइल उघडली. "अरे वा, सुटलीस की!" मॅडम फोनवर म्हणाल्या आणि दुप्पट नकाशे आले. सासूबाई पिल्लूसाठी दुधाची बाटली भरू लागल्या. "तू कर गं तुझं, मी बघते हिला."

एके दुपारी छाती दुधाने दगडासारखी होऊन ठणकायला लागली, तेव्हा तिने सेटिंग्जमध्ये जाऊन सगळं उलटं फिरवलं. डिस्क पुन्हा करकरू लागली. ठरलेला नकाशा पोचला नाही म्हणून लगोलग मॅडमचा फोन. "काल तर होत होतं. आज काय झालं?"

"मशीन जरा…"

"माणूस पाठवू का दुरुस्तीला?"

"नको, नको. करते मी."

फाइल अजून उघडतच होती. तिने सासूबाईंच्या मांडीवरून पिल्लूला उचललं, जवळ घेतलं. पिल्लूने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, तर पाठीची कमान करून रडायला लागली आणि आजीकडे झेपावली.

"सवय लागली गं तिला बाटलीची," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही हो."

तिने लेक त्यांच्या हातात दिली, बटणं लावली, आणि नवऱ्याने शिकवलं होतं तसं एकेक सेटिंग पुन्हा जागेवर नेऊन ठेवलं.