डाव्या पायाची स्की

मित्रांनो, वाळवंटात स्कीचे काय काम, असे म्हणून हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. मी एक जुनी स्की आहे, जोडीतली डाव्या पायाची. बर्फासाठी घडले, ओमानच्या वाळूत झिजले आणि मला त्याची तसूभरही लाज वाटत नाही.

एका परदेशी साहेबाने आम्हा दोघींना मस्कतला आणले आणि देश सोडताना गच्चीवर टाकून दिले. उन्हाने माझ्या पाठीला तडा गेला. पुढे शेजारच्या महेकने आम्हाला उचलले. तिचे अब्बा, यासिरभाई, मूळचे रत्नागिरीचे. ते पर्यटकांना गाडीतून वाळवंट दाखवतात. महेकला काश्मीरला, खोल बर्फातल्या स्कीच्या शिबिराला जायचे होते. अब्बांनी अट घातली, "वाळूच्या उभ्या टेकडीवरून न पडता खाली ये, मगच पाठवीन. आणि डावी तडकलीय, तिच्यावर जोर देऊ नको."

झाले! महेक मागे रेलून सगळा भार उजवीवर टाकायची. उजवी बिचारी वाळूत रुतायची, मी रिकामीच पुढे पळायची आणि महेक आडवी व्हायची. घट्ट बर्फावर एका पायाचा जोर चालतो; भुसभुशीत उतारावर नाही. पण तडकलेलीचे ऐकतो कोण? मला भारी राग यायचा.

"यल्ला, चल लवकर, आज शेवटची संधी. पडलीस तर शिबिर खलास!" एके सकाळी अब्बा म्हणाले. वाळूत शिरण्याआधी टायर पसरावेत, रुतू नयेत म्हणून त्यांची हवा कमी करायचे काम महेकचे. त्या दिवशी घाईत तिने उजव्याच बाजूची हवा काढली. थोड्याच अंतरावर डावीकडची टणक चाके वाळूत रुतली आणि गाडी अडकली.

अब्बा ओरडले, "काय केलंस गो? चारही चाकांनी भार वाटून घेतला तरच वाळू वर धरते!"

महेक एकदम माझ्याकडे बघू लागली. मग ती टेकडी चढली. पाय जवळ, गुडघे सैल, छाती उताराकडे, आणि भार आम्हा दोघींवर सारखा. किती वर्षांनी माझा वाटा मला मिळाला! माझा तडा करकरला, पण मी हटले नाही. आम्ही तिघी उभ्याच्या उभ्या खाली आलो.

"अब्बा, आता पाठवाल ना?"

"जा बाय, जा! पण तिथे नव्या स्की मिळतात, ही तडकलेली कशाला नेतेस?"

"ही नसेल तर मी पण नाही," महेक म्हणाली आणि तिने आम्हाला एकत्र बांधले.

मित्रांनो, तडा दिसला म्हणून कुणाला बाजूला ठेवू नका. त्याच्या वाट्याचा भार त्याला द्या. मी अजून मोडलेली नाही.