एका दिवसाचे पुणे

ज्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला, संगीताला, पाहायला पाहुणे येणार होते, त्या एका दिवसापुरती मला पुण्यात नोकरी लागली.

नोकरी देवसिंग नायकांनी दिली. आमच्या बंजारा तांड्याचे नायक असल्याने कुणाला कुठे पाठवायचे हा त्यांचा अधिकार. कंपनी मोठी होती, पगार बरा होता, रजा मात्र मिळत नव्हती. वडिलांनी मान डोलावली. आई, म्हणजे आमची याडी, चुलीकडे पाहत राहिली. संगीताने माझा शर्ट इस्त्री करून दिला, आणि ती इस्त्री मला सगळ्यांत जास्त लागली.

कारण माझा डावा गाल. शाळेत असताना त्यावर तांदळाएवढा पांढरा डाग उमटला. पुढे त्याने ओठाचा कोपरा घेतला, मग पापणी. माझ्यात एवढी महत्त्वाकांक्षा असलेली ती एकमेव गोष्ट. डॉक्टरांनी सांगितले की हे पसरत असले तरी कुणाला लागत नाही. घरच्यांनी ते श्रद्धेने ऐकले आणि माझा पेला वेगळा केला. गोंधळ नको म्हणून याडीने त्याच्या बुडाला खिळ्याने फुली कोरली. त्याला कुणी वेगळा म्हणत नसे. माझ्या नावाने ‘प्रेमचा’ म्हणत, अगदी लाडाने. भावाला कोड आहे हे कळले की बहिणीचे स्थळ मोडते. संगीताचे एक असेच मोडले होते. दुसरे मोडायला नको, हे मलाही पटत होते.

म्हणून मी मोटारसायकल काढली आणि पुण्याला, म्हणजे कळंबला गेलो.

विदर्भाचा उन्हाळा आम्हा डागवाल्यांवर मेहेरबान असतो. सगळे जगच तोंडाला दुपट्टा बांधून हिंडते आणि त्या गर्दीत मीही चार महिने देखणा असतो. चिंतामणीचे देऊळ तर जमिनीखाली. पायऱ्या उतरून गेले की वरच्या जगाला आपण दिसत नाही. म्हणतात, शापाने इंद्राचे अंग विद्रूप झाले, ते इथल्या कुंडाच्या पाण्याने शुद्ध झाले. लहानपणी मी त्या पाण्याने पुष्कळदा तोंड धुतले आहे. इंद्राची ओळख बहुधा वरपर्यंत होती.

कुंडाजवळ एक बाई एकटीच बसली होती. तोंडाला दुपट्टा, हातांत मोजे. प्रसाद खाण्यासाठी तिने मोजे काढले आणि मी पाहिले: दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, जणू नुकतेच पिठातून काढलेले. पाणी प्यायला मीही दुपट्टा सोडला होता.

“कधीपासून हाय तुले?” तिने विचारले. वय विचारावे इतक्या सहज.

“नववीपासून.”

“मले राजकुमार झाला तवापासून.”

तिचे नाव हंसाबाई. मारेगावकडच्या तांड्यातली. राजकुमार तिचा मुलगा, आणि आज त्याच्यासाठी जवळच मुलगी पाहायला सगळे आले होते. दर्शनाला म्हणून जीप इथे थांबवली, आणि दर्शन झाल्यावर तिला इथेच ठेवून गेले. मुलीकडच्यांना सांगायचे होते की आई आजारी आहे, प्रवास झेपत नाही. तिने मुलीच्या तांड्याचे नाव घेतले. ते आमच्याच तांड्याचे होते.

गप्प राहणे हा माझा स्वभावच आहे, आणि त्या क्षणी तो कर्तव्यही होता. तरीही तोंडातून निघून गेले, “मी पोरीचा भाऊ. मी पुण्याले हाय.”

ती इतका वेळ हसली की पुजाऱ्याने वळून पाहिले. मग तिने मोजे पिशवीत टाकले. “गाडी हाय ना तुह्याजवळ? चाल.”

मी विनवणी केली. स्थळ मोडेल म्हणालो; मला असे दूर राहायची सवय झाली आहे.

“हे पाय, बेटा,” ती म्हणाली, “गोळ मले माह्या हातानं भरवा लागते. लग्न होऊन ते घरी आली न् माह्या हातचं खाल्लंच नाही, त मी जनमभर काय करू? नाही खायाचं त आजच नको खाऊ दे.”

आमच्याकडे संबंध ठरला की गोळ, म्हणजे गूळ, खातात आणि सासू सुनेला पहिला खडा भरवते. मी मोटारसायकल सुरू केली.

दोन्ही घरांची अब्रू एकाच मोटारसायकलवरून अंगणात उतरली. त्या वेळी नायक माझ्या कंपनीच्या कँटीनमधल्या जेवणाची स्तुती करत होते आणि राजकुमारचा काका वहिनीच्या गुडघेदुखीवर हळहळत होता. सगळे थांबले. आधी कोण संतापतो याची दोन्ही बाजूंनी वाट पाहिली. पण संतापायला तोंड मोकळे लागते, आणि प्रत्येकाच्या तोंडात स्वतःचे खोटे अर्धवट चावलेले होते.

“लवकरच आला तू पुण्यावून,” शेवटी नायक म्हणाले.

हंसाबाईने कुणाची परवानगी घेतली नाही. थाळीतला गोळाचा खडा उचलला आणि तो पांढरा हात संगीताच्या तोंडापाशी नेला. संगीताने त्या हाताकडे पाहिले. मग माझ्याकडे.

संगीताने गोळ खाल्ला. बोटाला चिकटलेला चुरासुद्धा सोडला नाही.

स्थळ ठरले. उदार मनाची माणसे म्हणून दोन्ही घरांनी एकमेकांची तोंड भरून तारीफ केली.

पाहुणे गेल्यावर मला तहान लागली. फुलीचा पेला फळीवर होता. मी त्याच्या शेजारचा, संगीताने नुकताच पिऊन ठेवलेला उचलला.

“तो माहा हाय,” संगीता म्हणाली. मी तो खाली ठेवू लागलो, तर तिने तांब्या घेतला आणि त्याच पेल्यात पाणी ओतले. माझ्याकडे पाहिले मात्र नाही.

संध्याकाळी भांडी घासताना याडीने संगीताच्या त्या पेल्याला इतरांपेक्षा जरा जास्त राख लावली, एवढेच.